वहीत न उतरलेली माणसे



दिवाळीच्या वहीपूजनानंतर जुनी वही बासनात गुंडाळून माळ्यावर ठेवायची आणि नवी गादीवर घ्यायची, ही आपल्या घराघरांतील रीत. माळ्यावर गेलेली वही सहसा पुन्हा खाली येत नाही. आमच्याकडे मात्र या वर्षी सगळ्याच वह्या एकदम खाली आल्या. खानदेशातल्या गावचे आमचे जुने घर आणि त्याला लागून असलेले दुकान विकायचे ठरले. भावाने निरोप पाठवला, 'घर सोडण्यापूर्वी एकदा येऊन जा. तुला काय हवे ते घेऊन जा.' मी पोहोचले तेव्हा भांडीकुंडी वाटली गेली होती. उरली होती ती लाल कापडातली बासने, कुणालाच नको असलेली. मी ती ओसरीवर आणवली आणि तीन दिवस वाचीत बसले.

सर्वांत जुन्या वह्यांची लिपी मला लागली नाही. नंतरच्या वह्या देवनागरीत होत्या, त्या मात्र सहज वाचता आल्या. रोजमेळ, खतावणी, नावे, जमा, मुद्दल, व्याज, बाकी. दादाजींचे अक्षर टपोरे, वडिलांचे बारीक आणि तिरपे. कापसावर दिलेली उचल, मिठाची गोणी, लुगड्याचे कापड, रॉकेल, बैलाच्या खरेदीसाठी दिलेली रक्कम, मुलीच्या लग्नासाठी दिलेली रक्कम. पंचक्रोशीतील शेतकऱ्यांची चाळीस-पन्नास वर्षे त्या पानांत होती. एखाद्या घरात लग्न केव्हा झाले, विहीर केव्हा खोदली, बैल केव्हा मेला, हे आमच्या खतावणीवरून सांगता आले असते.

पण दोन गोष्टी मला खटकल्या. पहिली अशी की, त्या सगळ्या वह्यांत आमच्या दादी कुठेच नव्हत्या. ज्या बाईने साठ वर्षे ते घर चालवले, तिचे नाव एकाही पानावर नाही. 'घरखर्च' या एका शब्दात त्या सामावून गेल्या होत्या. माझे नावही नव्हते. माझे लग्न मात्र होते, 'बाईचे लग्नाखाती' म्हणून, रकमेसह.

दुसरी गोष्ट एका खात्याची. आमच्या शिवारातल्याच एका शेतकऱ्याचे ते खाते कितीतरी वर्षे चालत आलेले होते. दर दिवाळीला बाकी पुढे ओढलेली. संवत २०२९ च्या, म्हणजे १९७२ च्या दिवाळीपासून १९७३ च्या दिवाळीपर्यंतच्या वहीत ते एकाएकी संपले होते. जमेच्या बाजूला काही नाही. खाली दादाजींच्या टपोऱ्या अक्षरांत दोनच शब्द, 'खाते बेबाक'. रक्कम आली नाही, मग खाते बेबाक कसे झाले? भावाला विचारले. तो म्हणाला, 'दादाजींना माहीत. आता कोण सांगणार?'

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि मनात सारखे एक दुसरेच घर येत राहिले. तेही खानदेशातलेच, शेतकऱ्याचे. त्या घरात वही नव्हती, आणि घर सांभाळणाऱ्या बाईला अक्षर ओळखत नव्हते. तरीही आज तिच्या आईवडिलांची, भावाबहिणींची, नवऱ्याची, मुलाबाळांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. आपल्या पेढ्यांना जे साधले नाही ते त्या घराला कसे साधले, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. तोच आज आपल्यापुढे मांडते.

ते घर म्हणजे बहिणाबाई चौधरींचे.

बहिणाबाईंचा जन्म १८८० चा, जळगावपासून थोड्याच मैलांवर असलेल्या आसोदे या गावचा. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. घमा, गना, घना हे तीन भाऊ; अहिल्या, सीता, तुळसा या बहिणी. भरलेले शेतकरी घर. काळी कसदार जमीन, कापूस आणि ज्वारी ही मुख्य पिके. तो काळ आपल्या पूर्वजांच्याही ओळखीचा आहे. रेल्वे खानदेशातून धावू लागली होती, कापसाला दूरच्या बाजारपेठा मिळाल्या होत्या, आणि त्याच कापसाच्या मागे मारवाडातून, गुजरातेतून अनेक व्यापारी घराणी या भागात येऊन स्थिरावत होती. आपली पेढी आणि उखाजींसारख्यांचे शेत ही एकाच व्यवहाराची दोन टोके. एका टोकाला लिहिणे होते, दुसऱ्या टोकाला नव्हते. शेतकऱ्याच्या घरी मुलीला शाळेत घालण्याचा प्रश्नच त्या काळी उद्भवत नसे. मुलगी शेण गोळा करी, पाणी भरी, आईच्या मांडीला मांडी लावून जात्यावर बसे आणि दळता दळता ओवी शिके. तीच तिची शाळा.

तेराव्या वर्षी बहिणाबाईंचे लग्न जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाले. माहेर जवळ असले तरी सासर ते सासर. पहाटे जाते, मग चूल, मग शेत. परतल्यावर पुन्हा चूल. पेरणी, निंदणी, कापणी, मळणी, उफणणी यांच्या चक्रात वर्ष फिरे. मध्येच आखाजी येई, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. खानदेशात तो सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि गातात. आसोद्याची वाट, माहेरचे घर, शेतातली मोट, बैलांचा पोळा, सुगरणीचा खोपा हे सगळे बहिणाबाईंच्या गाण्यांत आले ते या जगण्यातून. काम थांबवून गाणे रचायला त्या कधी बसल्या नाहीत. हात जात्याच्या खुंट्यावर किंवा विळ्यावर असे आणि तोंडी गाणे असे. हातातले काम संपले की बहुधा गाणेही हवेत विरून जाई.

मग तो घाव बसला. वयाच्या तिसाव्या वर्षी नथूजी गेले. पदरी तीन मुले, मुलगी काशी आणि ओंकार व सोपान हे मुलगे. त्या काळच्या विधवेचे जिणे काय असे, हे आपल्या घरांतील थोरल्या बायकांनीही पाहिलेले आहे. कपाळ रिकामे, हात रिकामे, आणि सगळ्यांच्या नजरेत कणव किंवा अपशकुन. बहिणाबाईंनी आपल्या वैधव्यावरही गाणे रचले. त्यात त्या रडून घेतात, पण रडण्यापाशी थांबत नाहीत. हातातल्या बांगड्या गेल्या तरी मनगट शाबूत आहे याची त्या स्वतःला आठवण करून देतात. पुढे काय वाढून ठेवले आहे हे हात पाहून सांगू पाहणाऱ्याला तर त्यांनी दारातूनच वाटेला लावले आहे. दैव हातावरच्या रेघांत नसून हाताच्या कष्टांत आहे, असे मानणारी ती बाई होती.

दुःख तिथेही संपले नाही. त्या काळात प्लेगच्या साथी गावेच्या गावे ओस पाडीत होत्या. माणसे घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहत. ओंकारला प्लेगने गाठले. जीव वाचला, पण कायमचे अपंगत्व आले. शेतकऱ्याच्या घरात कामाचे दोन हात उणे होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. तरीही या घराची आठवण काढताना आपण ओंकारला विसरत नाही. तो कवी नव्हता, पुढारी नव्हता. तो एका आईचा मुलगा होता आणि त्याच्या वाट्याला दुखणे आले, एवढीच त्याची कहाणी. पण ती राहिली. आपल्यापैकी कितीजणांना आपल्या पणजोबांच्या अशा एखाद्या दुबळ्या, आजारी भावाचे नाव सांगता येईल? आमच्या वंशावळीत तरी धडधाकट आणि कर्तबगार माणसेच तेवढी उतरलेली आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. हे सारे राहिले कसे?

सोपान शिकला. तोच पुढे कवी सोपानदेव चौधरी म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला. त्यांचे स्वतःचे कवितासंग्रह निघाले, कविसंमेलनांत त्यांचे नाव झाले. पण त्यांच्या हातून झालेले सर्वांत मोठे काम तिथले नाही. आई काम करता करता जे गात होती, ते त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी कागदावर उतरवून घेतले. असेल त्या कागदावर, जमेल तेव्हा. आईला लिहिता येत नव्हते, म्हणून मुलांचा हात हा तिचा हात झाला.

या लिहून घेण्यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी आईची भाषा सुधारली नाही. बहिणाबाई बोलत त्या खानदेशातील लेवा समाजाच्या बोलीत. तिच्यात 'ळ' च्या जागी 'य' येतो. जळगाव तिथे जयगाव होते. सोपानदेव शिकलेले होते, शहरी मराठीत कविता लिहीत होते. मनात आणते तर आईचे शब्द पुस्तकी करून टाकणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी ते केले नाही. म्हणून आजही ती गाणी वाचताना एक विशिष्ट बाई, एका विशिष्ट गावची, आपल्यापुढे उभी राहते.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यांच्या हयातीत त्यांचे एकही पुस्तक निघाले नाही. नंतर सोपानदेवांनी ते हस्तलिखित संकोचतच आचार्य अत्रे यांना दाखवले. अत्र्यांनी ते वाचले आणि हे बावनकशी सोने आहे हे ओळखले. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. त्या पहिल्या आवृत्तीत कविता होत्या अवघ्या ३५. एवढ्या थोड्या कवितांनी मराठी माणसाच्या मनात जे घर केले, ते आपण जाणताच. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटातून त्यांची गाणी घरोघरी पोहोचली, शालेय पुस्तकांत आली. २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. अक्षरशत्रू बाईच्या नावाच्या विद्यापीठातून आज मुले-मुली पदव्या घेऊन बाहेर पडतात.

पण मला त्या ३५ कवितांपेक्षा, न लिहिल्या गेलेल्या कवितांची चुटपुट अधिक लागते. सत्तर वर्षांचे आयुष्य, रोजचे दळण, रोजचे शेत, रोजचे गाणे. त्यातले बहुतेक सारे गेले. कुणाची चूक म्हणून नव्हे. ऐकणाऱ्याला वाटते, आई उद्याही गाणारच आहे. आणि एक दिवस ते उद्या येत नाही.

बहिणाबाईंची एक कविता छापखान्यावर आहे. जळगावात छापखाना आला, तो त्यांनी पाहिला. कोरा कागद आत जातो आणि अक्षरांनी भरून शहाणा होऊन बाहेर पडतो, याचे त्यांना नवल वाटले. त्या नवलातून त्यांनी एक टोला माणसालाही हाणला आहे. कागद शहाणा होतो, माणूस मात्र होता तसाच राहतो. मी जेव्हा जेव्हा ती कविता वाचते तेव्हा मला आमची बासने आठवतात. आमच्याकडे कागदाला तोटा नव्हता. शाई होती, बोरू होता, रोज दिवेलागणीला रोजमेळ लिहिण्याची शिस्त होती. छदामाचा हिशेब चुकला तर दादाजी जेवायला उठत नसत. आणि एवढ्या लिहित्या घरात दादींचे एक वाक्य कुणी टिपून ठेवले नाही.

त्या गात नव्हत्या असे नाही. लग्नघरी त्या पहिली ओळ धरीत आणि बाकीच्या बायका मागून म्हणत, एवढे मला आठवते. कोणती ओळ, ते आठवत नाही. त्या गेल्या तेव्हा मी महाविद्यालयात होते, मराठी साहित्य शिकत होते, आणि बहिणाबाईंच्या कवितेवर मी एक निबंध लिहिला होता. त्याला गुणही चांगले मिळाले होते. सुटीत घरी आल्यावर शेजारी बसलेल्या दादींना 'तुम्ही काय गात होता?' असे विचारण्याचे मला सुचले नाही. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

तेव्हा, माळ्यावरून वह्या उतरल्या त्याच आठवड्यात मी भुवाकडे गेले. भुवा म्हणजे आमच्या वडिलांची थोरली बहीण, ऐंशी उलटलेली. कालचे जेवण तिला आठवत नाही, पण माहेरच्या घराच्या पायऱ्या किती होत्या ते अचूक सांगते. मी वही उघडून बसले तेव्हा ती हसली. म्हणाली, 'आमचे काय लिहितेस बेटा? आम्ही काय केले? रोट्या लाटल्या.' मी म्हटले, 'तेच सांगा.' मग थोडे दादींचे, थोडे तिच्या लहानपणाचे बोलणे झाले, आणि मी सहज त्या बेबाक खात्याचा विषय काढला.

ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, 'ते तुला कुठे सापडले?'

१९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पाऊस नाही, पीक नाही, गुरे कवडीमोलाने विकली गेली. शेतकरी बायका-पोरांसह खडी फोडायला आणि पाझर तलाव खोदायला दुष्काळी कामांवर गेले. परदेशातून आलेला लाल मिलो लोकांनी भाकरीला वापरला. त्या वर्षी भुवा बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती, म्हणून तिने सारे डोळ्यांनी पाहिले. तो शेतकरी त्या उन्हाळ्यात कामावरच आजारी पडला आणि गेला. मागे बायको आणि चार मुले. बायकोचे चांदीचे तोडे आमच्याकडे गहाण होते, आणि खात्यावर बाकी मोठी होती.

'दादाजी वाईट नव्हते,' भुवा म्हणाली, 'पण हिशेब तो हिशेब, असे म्हणत. मुलगा मोठा होईल, फेडील, असे त्यांचे म्हणणे. बाईंनी मात्र जेवण सोडले नाही की आरडाओरडा केला नाही. त्यांनी एवढेच विचारले, मुद्दल किती होते आणि आजवर किती आले? दादाजींनी वही काढली, बेरीज केली, आणि वही मिटली. काही बोलले नाहीत. मुद्दल केव्हाच फिटले होते, बेटा. दोनदा फिटले होते. दोन दिवस दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दादाजींनी खाते बंद केले आणि बाईंनी तोडे पदरात घेऊन मागच्या दाराने तिच्या हाती दिले.'

मी लिहीत होते, पण हात थांबला. आमच्या दादी अंगठा उठवणाऱ्या होत्या. हिशेबाची वही त्यांनी कधी हाती धरली नाही. पण त्या वहीतला सर्वांत अवघड प्रश्न त्यांनी विचारला होता, आणि तो वहीत कुठेच नाही. तिथे आहेत ते दादाजींचे दोन शब्द.

वाचकहो, इथेच थांबून दादींचे पुण्यस्मरण करून मोकळी झाले असते तर हा लेख सोयीचा झाला असता. पण सोपानदेवांच्या त्या न सुधारलेल्या भाषेने मला तसे करू दिले नाही. आठवण लिहायची तर दुसऱ्या टोकालाही विचारले पाहिजे. म्हणून मी त्या शेतकऱ्याच्या घरी गेले. त्यांचे नाव मी इथे छापीत नाही. ते त्यांचे आहे, मी माझ्या वहीत लिहिले आहे एवढेच. त्यांचा नातू आता शेती पाहतो. ठिबकवर केळी लावली आहे. मी कोण ते सांगितल्यावर त्याने खाट टाकली, पाणी दिले, आणि आपल्या आईला हाक मारली. त्या कुटुंबाची ती थोरली सून. मी भुवाने सांगितलेली हकीकत तिला सांगितली. 'माफ' हा शब्द माझ्या तोंडून गेला असावा.

'माफ नव्हं, ताई,' ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण ठामपणा होता. 'आमच्या सासूबाईंनी फेडलं. बांधावर आंबा होता. दरसाल आखाजी झाली की कैऱ्यांची पहिली पाटी तुमच्या मागच्या दारी जायची. सासूबाई सांगायच्या, शेठाणीनं माझे तोडे दिले, मी तिला लोणच्याच्या कैऱ्या देते. त्या होत्या तोवर एक साल चुकलं नाही. मग आंबाच वठला.'

मला त्या कैऱ्या आठवल्या. मागच्या अंगणात पाटीभर हिरव्यागार कैऱ्या, दादी पाटावर बसून त्या चिरताहेत, आणि आम्ही मुले फोडींना तिखट-मीठ लावून पळवतो आहोत. कैऱ्या कुठून येत हे आम्ही कधी विचारले नव्हते. आमच्या घरी त्या वहीत जमा झाल्या नाहीत. त्यांच्या घरी मात्र त्यांचा हिशेब तीन पिढ्या तोंडी चालत आला होता. म्हणजे दादाजींनी लिहिलेले 'बेबाक' हे खोटे नव्हते. फक्त जमेची बाजू दुसऱ्या घरात राहिली होती.

उठताना त्या माउलीला मी तिच्या सासूबाईंबद्दल आणखी विचारले. त्या कोणत्या गावच्या, कशा बोलत, खडी फोडून आल्यावर मुलांना काय करून घालीत. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. नातूही बाजूला बसून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, 'आई, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.' ती म्हणाली, 'तू कधी विचारलंस?'

जळगावच्या जुन्या भागातील चौधरी वाड्यात आज बहिणाबाईंच्या स्मृती जपलेल्या आहेत. त्यांच्या वापरातली भांडी, शेतीची अवजारे तिथे पाहायला मिळतात. आपण मुलांना घेऊन जरूर जावे. पण तिथून परतताना एक विचार मनात यावा. बहिणाबाई एकच होत्या, तशी प्रतिभा घराघरांत नसते. परंतु लिहून घेणारा मुलगा घराघरांत असू शकतो. त्याला प्रतिभा लागत नाही. एक वही लागते, थोडी सवड लागते, आणि समोरची व्यक्ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत, न सुधारता, न झाकता लिहिण्याचा प्रामाणिकपणा लागतो. लिहिताना आपल्या घराला न शोभणारे काही निघाले तर तेही लिहावे. दादींच्या त्या प्रश्नाने आमच्या पेढीचा एक उणेपणा मला कळला. तो कळला नसता तर दादीही कळल्या नसत्या.

माझ्या वहीची आता वीस पाने भरली आहेत. भुवा दर रविवारी फोन करून विचारते, 'किती झाले?' तिला अजून लग्नातली गाणी सांगायची आहेत. पहिली ओळ तिला येते, दुसरी आठवत नाही. मी म्हणते, 'पहिलीच सांगा.'

भावाने बासनांचे काय करायचे म्हणून विचारले, तेव्हा संवत २०२९ ची वही मी मागून घेतली. ती माझ्या टेबलावर आहे, आणि तिच्यावर ही नवी वही ठेवली आहे. यंदाच्या दिवाळीला पूजेत दोन्ही ठेवीन म्हणते.